बाप गेल्यावर जमिनीची वाटणी: इंग्रजांच्या काळात नेमकं काय व्हायचं

जुन्या उताऱ्यावर फक्त थोरल्या आजोबांचंच नाव कसं, आपल्या आजोबांचं का नाही, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं की थोरल्यानं फसवलं. काही घरांत फसवलंही असेल, पण दर वेळी तसं नसतं. या गोष्टीचं मूळ १९व्या शतकात आहे.

आधी वारसाहक्काचं बघू. आपल्याकडे देशावर हिंदू घरांत मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, चालायची. ती लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आताच्या बसवकल्याणचा. तिच्यात वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, बाप मेल्यावर नव्यानं मिळतो असं नाही, त्यामुळे बाप गेला की वाटणी झालीच पाहिजे असंही काही नव्हतं, भाऊ वर्षानुवर्षं एकत्र राहायचे. जुन्या स्मृतींमध्ये थोरल्याला जादा वाटा सांगितलाय खरा, पण विज्ञानेश्वरानं सरळ लिहून ठेवलं की शास्त्रात असलं तरी लोकांना ते पटत नाही म्हणून तसं करू नये. मला हे फार मोठं वाटतं, कारण त्यामुळे धाकट्यालाही थोरल्याएवढाच वाटा मिळत राहिला. पाटीलकी-कुलकर्णीच्या वतनात वडीलकीचा मान तेवढा थोरल्या घराकडे राहायचा. इंग्रजांनीही १८२७च्या रेग्युलेशनमध्ये, म्हणजे कायद्यात, ज्या मुलखातला दावा तिथली रूढी आधी बघायची असंच ठरवलं होतं.

प्रत्यक्ष वाटणी गावातच व्हायची. चार पंच बसायचे, आणि एकाला सगळी काळी, दुसऱ्याला सगळा माळ असं कुणी मान्य करणार नाही म्हणून काळीचे तुकडे वेगळे, मुरमाड वेगळं, मळा वेगळा, आणि प्रत्येकातला हिस्सा प्रत्येक भावाला, मग चिठ्ठ्या टाकायच्या. विहीर तर कापता येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या लावायच्या, आज तुझी मोट उद्या माझी. आंब्याच्या झाडातसुद्धा आणेवारीनं हिस्से, चार आणे तुझे, चार आणे माझे. वाटणीपत्र करायचं किंवा फारखत, म्हणजे हक्क सोडल्याचा कागद, लिहून घ्यायची, आणि बऱ्याच घरांत तेही नाही, नुसतं तोंडी. तोंडी वाटणी कायद्याला चालायची हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच आहे.

कारण १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनमोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी, ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही आपण हेच माप वापरतो. या मोजणीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर पडला, पण सरकारला पाहिजे होता सारा, म्हणजे जमिनीचा कर, आणि सारा भरायला एक माणूस पुरतो. म्हणून खात्यावर एकच नाव, खातेदार मेला की साधारणपणे थोरल्या मुलाचं नाव चढायचं. घरात चार भावांनी चार बांध घातलेले असले तरी सरकारी वहीत एकच भाऊ. शिवाय सर्व्हे नंबरचे ठरलेल्या मापापेक्षा बारीक तुकडे पाडायला परवानगी नव्हती, मग लोक वहिवाटीनं वाटून घ्यायचे आणि वहीत जसं होतं तसं राहायचं.

कोर्टात गेलं तरी सोपं नव्हतं. कोर्ट फक्त कुणाचा किती हिस्सा ते ठरवायचं, जमीन मोजून ताबा द्यायचं काम कलेक्टरकडे. त्यात कर्जाचं वेगळंच. वहीत ज्याचं नाव त्याच्या सहीवर सावकार जमीन लिहून घ्यायचा आणि मग बाकीचे भाऊ आमचा हिस्सा त्यात कसा म्हणून दाद मागत फिरायचे. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला, पण भावाभावांची नावं वहीत यायला त्याचा उपयोग झाला नाही.

बायकांचं काय, तर नवरा भावांपासून विभक्त होऊन वारला आणि मुलगा नसेल तर विधवेला जमीन मिळायची, तीही हयातीपुरती. नवरा एकत्रात असताना गेला तर त्याचा हिस्सा भावांकडे आणि तिला फक्त अन्नवस्त्र. म्हणजे वाटणी आधी झाली होती की नव्हती या एका गोष्टीवर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं, आणि ती वाटणी बहुतेक वेळा तोंडी, मग दीर म्हणणार झालीच नव्हती. १८५६च्या कायद्यानं पुनर्विवाहाला परवानगी दिली खरी, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा. मुलींना भाऊ असले की काहीच मिळायचं नाही, आणि याचा राग आजही यायला पाहिजे.

तुकडे किती झाले ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावावरून कळतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी तिथला हिशोब काढला, १७७१ला सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१४-१५ला ७ एकर. सगळा दोष वाटणीवर टाकता येत नाही, माणसं वाढली आणि शेतीबाहेर काम नव्हतं हेही आहेच.

जमिनीवर कुणाकुणाचा हक्क ते वहीत लिहायचा, म्हणजे हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ला आला, म्हणजे पहिल्या मोजणीनंतर साठ-सत्तर वर्षांनी. तोपर्यंत दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या. पुढे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, निघायला लागले तरी कित्येक घरांनी थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लावून घेतलं, एकत्र कुटुंब मॅनेजर. तुमच्या जुन्या उताऱ्यावर ही अक्षरं दिसली तर ते एकट्याच्या मालकीचं नाव नाही, त्याच्यामागे बाकीचे भाऊ आहेत.