बारावीनंतर सहा महिन्यांत सोनोग्राफी? नाही!

निकाल लागला की म्हापशापासून मडगावपर्यंत एक सल्ला फुकट मिळतो: "सहा महिन्यांचा सोनोग्राफी कोर्स कर, मशीनवर बसशील." तो ऐकून आईबाप दागिने गहाण टाकायला निघतात, म्हणून हा खुलासा.

हे 'सहा महिने' हवेतून आलेले नाहीत. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली २०१४ मध्ये प्रशिक्षणाचे नियम आले. पोटाच्या व ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं ते सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण आहे. पण एमबीबीएस डॉक्टरांसाठी, आणि मान्यताप्राप्त संस्थेतच. बारावीच्या मुलाला त्याच मुदतीचं कुठलंही प्रमाणपत्र मिळालं, तरी गरोदर बाईच्या पोटावर प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) ठेवण्याचा हक्क त्याला मिळत नाही. तिथे पात्र डॉक्टरच लागतो. भिंतीवर चौकटीत लावायला प्रमाणपत्र छान दिसतं, एवढंच.

गोंधळात भर पडते ती विलायतेतल्या नातेवाइकांमुळे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली चुलत बहीण सांगते, "इथे डॉक्टर नसलेलेच स्कॅन करतात." खरं आहे. पण त्यांचं शिक्षण विद्यापीठातलं असतं, आणि तो नियम गोव्यात, आपल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, चालत नाही.

यंत्रांचीच आवड असेल तर एक्स-रे, सीटी, एमआरआय तंत्रज्ञाचा पदवी अभ्यासक्रम बघा. ती यंत्रं तंत्रज्ञच चालवतात. पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेला एकच गोष्ट लेखी मागा: "या प्रमाणपत्रावर मी गोव्यात कायद्याने नेमकं काय करू शकतो?" उत्तर तोंडीच मिळालं, तर पैसे खिशातच राहू द्या.