वाळकेश्वर: देऊळ बदलले, झरा तोच

वालुका म्हणजे वाळू. वाळूचा ईश्वर तो वालुकेश्वर, आणि लोकांच्या तोंडी रुळलेला वाळकेश्वर. सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण मुंबईतल्या मलबार हिलच्या या टोकाशी थांबले, अशी कथा आहे. रामाच्या पूजेसाठी लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणी. एका रात्री त्याला उशीर झाला, तेव्हा रामाने किनाऱ्यावरच्या वाळूचेच लिंग घडवले. तहान लागली, पण भोवती सगळे खारे पाणी. रामाने जमिनीत बाण मारला आणि पाताळातली गंगा वर आली. तीच बाणगंगा. या बाणगंगा तलावाच्या मधोमध उभा असलेला खांब बाणाची जागा दाखवतो. कथेचा शेवट मात्र फारसा कुणी सांगत नाही. पोर्तुगीज आले, तेव्हा वाळूच्या त्या लिंगाने समुद्रात उडी घेतली! मूळ लिंग कुठे गेले, या प्रश्नाला लोकांनी दिलेले हे उत्तर आहे आणि त्यात इतिहासाचा सल आहे.

कारण जुने देऊळ आजच्या जागी नव्हतेच. ते मलबार पॉइंटला, आता राज्यपालांचे निवासस्थान आहे त्या बाजूला, समुद्राला लागून होते. तिथल्या खडकात ‘श्रीगुंडी’ नावाची फट होती. तिच्यातून अंग चोरून पलीकडे गेले की पाप फिटते, ही श्रद्धा. कान्होजी आंग्रे गुपचूप येऊन त्यातून गेले, असे सांगतात. पोर्तुगीज अमलात ते देऊळ गेले. पुढे १७१५ मध्ये सारस्वत व्यापारी रामा कामत यांनी तलावाशेजारी नवे देऊळ बांधले. याच रामा कामतांवर कंपनी सरकारने आंग्र्यांशी संगनमताचा आरोप ठेवला. १७२० मध्ये ते दोषी ठरले आणि १७२८ मध्ये कैदेतच वारले. पुराव्यातली पत्रे बनावट होती, हे नंतर उघड झाले. वाळकेश्वराला हात जोडताना या माणसाचीही आठवण व्हावी, असे मनापासून वाटते.

आज दिसणारी देवळाची इमारत तर गेल्या शतकातली. त्यामुळे प्राचीनपण शोधायचे ते गाभाऱ्यात नव्हे, पाण्यात. चारही बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्यांचा हा तलाव ११२७ मध्ये शिलाहार राजांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी बांधला, असे मानले जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडे. पावसाचे पाणी टेकडीच्या काळ्या कातळातल्या भेगांत मुरते आणि उताराने तलावाच्या तळाशी झऱ्यांतून वर येते. आतून बाहेर ढकलणारा हा गोड्या पाण्याचा दाब आहे, तोवर खारे पाणी आत शिरत नाही. म्हणूनच परिसरात इमारतीसाठी खोल पायलिंग (पायाचे खांब जमिनीत रोवणे) केले किंवा बोअर घेतले की धोका असतो. भेग तुटली तर झरा आटतो किंवा दुसरीकडे वळतो, आणि खोदाईचा गाळ भेगेत उतरला तर पाणी गढूळ येते.

पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावास्येला, घाटावर तर्पणासाठी रीघ लागते. त्यानंतर काही वर्षी पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले. कारण साधे आहे. भाताचे पिंड, पीठ, फुले पाण्यात कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तोच वापरते. तेव्हा मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. झऱ्याची आवक संथ, त्यामुळे एवढे पाणी एका दिवसात बदलत नाही. तर्पण ओंजळभर पाणी आणि चिमूटभर काळ्या तिळांनी होते. पिंड पाण्यात न सोडता गाईला घालणेही परंपरेला धरूनच आहे.

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारी गर्दी देवळात असते. त्रिपुरी पौर्णिमेला ती पायऱ्यांवर येते. शंकराने त्रिपुरासुराला मारले तो हा दिवस, म्हणून दीपमाळा उजळतात, साडेसातशे धाग्यांची त्रिपुरवात लावतात. पायरीपायरीवर पणत्या आणि खाली पाण्यात त्यांचे थरथरते प्रतिबिंब! पणतीत तेल मात्र पाऊणच भरावे आणि खाली पत्रावळीचा तुकडा ठेवावा. काठोकाठ भरलेली पणती वाऱ्याने कलंडते, तेल दगडात मुरते आणि दुसऱ्या दिवशी स्नानाला उतरणाऱ्याचा पाय घसरतो.

गाळ काढतानाही हाच दगड सांभाळायचा असतो. २०२४ मध्ये त्यासाठी यंत्र थेट पायऱ्यांवरून खाली उतरवले गेले आणि पायऱ्या फुटल्या. त्या माणसांच्या पावलांसाठी रचलेल्या आहेत, कित्येक टनांच्या यंत्रासाठी नव्हेत. एका पायरीचा दगड हलला की वरच्या ओळीचा आधार जातो, सांध्यांत पावसाचे पाणी शिरते आणि मागची माती वाहू लागते. इथला गाळ घमेल्यांनी, हातोहातच काढायला हवा.