भारतातला खाण सुरक्षा कायदा

खाणीत काम करणाऱ्या माणसाचा जीव, तब्येत, कामाचे तास, रजा, प्यायचं पाणी हे सगळं ज्या कायद्यांनी आणि नियमांनी ठरतं त्यांना मिळून आपण खाण सुरक्षा कायदा म्हणतो. वर्षानुवर्षं याचा कणा होता खाण अधिनियम १९५२, आता त्याची जागा २०२० च्या कामगार संहितेने घेतलीय. हा विषय राज्याचा नाही, केंद्राचा (राज्यघटनेच्या संघसूचीतली ५५ वी नोंद), म्हणून चंद्रपूरची कोळसा खाण असो, भंडाऱ्याची मँगनीजची असो की गोव्यातली लोखंडाची, तपासायला येणारा इन्स्पेक्टर धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महानिदेशालयाचाच, ज्याला खाणीवर सगळे डीजीएमएस म्हणतात.

हे कायदे कोणाच्या दयेतून आले नाहीत, माणसं मेल्यावर आले. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि बलुचिस्तानात खोस्तच्या कोळसा खाणीत ४७ जण गेले, मग १९०१ चा पहिला कायदा झाला आणि ७ जानेवारी १९०२ ला कलकत्त्यात तपासणीचं ऑफिस उघडलं, ते १९०८ ला धनबादला हललं. पुढे १९२३ चा कायदा, मग १९५२ चा.

बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते हे आपल्याला माहीत असतं, पण डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागात जाऊन स्वतः खाणीत उतरले होते हे फार कमी लोक सांगतात. कोळसा कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम १९४४ चा, त्यांच्याच काळातला. त्याच काळात युद्धाला कोळसा हवा म्हणून सरकारने बायकांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली, ती १९४६ मध्ये परत आली. २०१९ मध्ये मात्र लेखी संमती घेऊन तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायकांना खाली जायची परवानगी मिळाली आणि माझ्या मते ते बरोबरच झालं, कारण मायनिंग इंजिनिअर झालेल्या मुलीला खाणीच्या तोंडावरूनच परत पाठवण्यात काय अर्थ होता.

१९५२ च्या कायद्यात जमिनीखाली दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा, आठवड्यात सहा दिवसांच्या वर काम नाही, ओव्हरटाइम दुप्पट, १८ वर्षांखाली कोणाला घ्यायचं नाही. खाली काम करणाऱ्याला दर १५ दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, वर काम करणाऱ्याला २० दिवसांमागे एक. आणि एक साधी वाटणारी पण फार मोठी गोष्ट म्हणजे रजिस्टर: कोणत्याही क्षणी खाली नेमकं कोण कोण आहे, त्यांची नावं त्यातून कळली पाहिजेत.

खरी बारीक कलमं नियमावलीत आहेत, कोळशासाठी २०१७ ची (आधी १९५७ ची), इतर खनिजांसाठी १९६१ ची. भूमिगत कोळसा खाणीत सर्वात मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा, हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, पाणी भरलेल्या जुन्या खाणीच्या ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय खोदायचं नाही. ही ६० मीटरची ओळ नुसता आकडा वाटतो ना, पण २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळ्याच्या कोळसा खाणीत जुन्या भागात साठलेलं पाणी मधली भिंत फोडून आत घुसलं आणि ३७५ माणसं गेली, आणि नियम तेव्हाही होताच. कोर्टाचा निकाल लागायला २०१२ उजाडलं.

रोजची सुरक्षा मात्र सरदाराच्या, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या हातात. पाळी कामाला लागायच्या आधी तो काठीने छत ठोकत पुढे जातो, खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला की दगड सुटलाय, मग तो पाडायचा किंवा टेकू द्यायचा आणि तोवर कोणी खाली उभं राहायचं नाही. मग वायू तपासायचा आणि सगळं रिपोर्टबुकात लिहून सही करायची. टार्गेटचा दट्ट्या असला की हीच तपासणी घाईत उरकली जाते आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

दंडाची गोष्ट तर वाचवत नाही. नियम मोडल्यामुळे माणूस मेला तर १९५२ च्या कायद्यात जास्तीत जास्त २ वर्षं कैद किंवा ५,००० रुपये दंड. नव्या संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जिच्यात १३ कायदे एकत्र केलेत, कैद तेवढीच पण दंड किमान ५ लाख, आणि त्यातला निम्मा तरी वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं.

हे सगळं नोंद असलेल्या खाणीपुरतं. मेघालयातल्या उंदराच्या बिळासारख्या कोळसा खाणींवर हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान इथे अशाच एका बेकायदा खाणीत पाणी घुसलं आणि १५ जण अडकले. तिथे ना मॅनेजर, ना सरदार, ना नकाशा. आत नक्की कितीजण आहेत ते सांगणारं रजिस्टरसुद्धा नव्हतं.