दोन डॉट जुळले म्हणून टायमिंग जुळलं असं नाही

जुन्या गाडीचं इंजिन बांधताना बहुतेक ठिकाणी कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या शाफ्टचं, थोडक्यात कॅमचं) टायमिंग कसं लावतात, तर क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या मुख्य शाफ्टच्या) दातेरी चक्रावरचा डॉट आणि कॅमच्या चक्रावरचा डॉट समोरासमोर आणायचे, चेन चढवायची आणि कव्हर बंद. गाडी सुरू होते, चालतेही. पण चेन एखादा दाता इकडेतिकडे बसली नाहीये एवढंच तो डॉट सांगतो, कॅम खरंच किती अंशावर आहे हे त्याला कळत नाही, आणि एवढा खर्च करून इंजिन उघडलंच आहे तर मोजल्याशिवाय कव्हर लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून ब्रिटनची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेऊ, 1798 सीसी. आपल्या अॅम्बेसेडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, दोघांचा स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धावही) सारखाच, 88.9 मिमी, त्यामुळे अॅम्बीवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. 1962 च्या मूळ एमजीबीत इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारा) पिस्टन वर पोचायच्या क्रँकचे 16 अंश आधी उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर 56 अंशांनी बंद होतो. पिस्टन वर येतोय तरी व्हॉल्व्ह उघडाच का, तर आत धावत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला स्वतःचा जोर असतो आणि जास्त आरपीएमला ते तरीही आत शिरत राहतं, कमी आरपीएमला मात्र तो जोर नसतो आणि थोडं मिश्रण उलट बाहेर ढकललं जातं. म्हणून कॅम चार-पाच अंश मागे पडला, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडबंद झाले, की खालची ओढ कमी होते आणि घाटात लवकर गिअर खाली घ्यावा लागतो. पुढे गेला तर खालून मस्त ओढते पण वर दम संपतो.

फरक येतो कुठून? चावीची (चक्र शाफ्टवर पक्कं धरणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याची) खाच थोडी सरकलेली असते, कॅम रिग्राइंड केलेला (पुन्हा घासून आकार दिलेला) असतो, चेन ताणलेली असते आणि ताणलेली चेन कॅमला कायम मागेच पाडते. मारुती 800 सारख्या हेडमधे कॅम असलेल्या इंजिनात हेड फेसिंग केल्यावरही (हेडचा तळ घासून सपाट केल्यावरही) कॅम मागे पडतो, ब्लॉकमधे कॅम असलेल्या बी-सिरीजला तो त्रास नाही.

आधी शाफ्ट सरळ आहे का ते बघायचं. दोन टोकाचे जर्नल (शाफ्टचे बेअरिंगमधे फिरणारे भाग) व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवायचे, मधल्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावायचं आणि हळू फिरवायचं. काटा एकूण जेवढा हलेल त्याच्या निम्मा बाक. वाकडा शाफ्ट मधलं बेअरिंग खातो, तो जाणत्या माणसाकडून प्रेसवर सरळ करून घ्यायचा नाहीतर बदलायचा, पुढचं मोजमाप नंतर.

आता खरी गंमत, पिस्टनचं अगदी वरचं टोक, म्हणजे टीडीसी शोधणं. झोका टोकाला जाऊन क्षणभर थबकतो तसंच पिस्टनचं होतं. या इंजिनात टीडीसीपासून क्रँक एक अंश फिरवला तर पिस्टन साधारण नऊ मायक्रॉनच खाली येतो, एवढ्याशावर डोळ्याने टीडीसी पकडायला गेलं की दोन-तीन अंश सहज चुकतात. म्हणून टोक शोधायचंच नाही. क्रँकवर अंशांची चकती आणि ती वाचायला समोर एक सुई लावायची, पिस्टनला वाटेत अडवणारा स्टॉप बसवायचा आणि दोन्ही दिशांनी क्रँक अलगद फिरवून टेकवायचा. एकीकडे 32 आणि दुसरीकडे 28 आलं तर सुई दोन अंश सरकवायची म्हणजे दोन्हीकडे 30 येतात, आणि बरोबर मधे शून्य, तोच टीडीसी.

कॅमचं पण तेच, लोबचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याचा) माथा सपाटसर असतो. एक नंबरच्या सिलिंडरच्या इनटेक पुशरॉडवर (लोबची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्यावर) डायल ठेवायचं, पुशरॉडच्या रेषेतच, तिरकं नको. सगळ्यात वर गेला की डायल शून्य करायचं, मग चढताना आणि उतरताना शून्याच्या 1.27 मिमी खाली असतानाचे अंश लिहायचे, आणि क्रँक कायम चालत्या दिशेनेच फिरवायचा, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात घुसतो. समजा 77 आणि 151 आले, मध्य 114. वरच्या 16 आणि 56 वरून हिशोब केला तर मध्य टीडीसीनंतर 110 ला हवा, म्हणजे कॅम चार अंश मागे आहे.

चेन एक दाता सरकवून ही चार अंशांची चूक निघत नाही, क्रँकच्या चक्राला 20 दाते धरले तर एक दाता म्हणजे क्रँकचे 18 अंश! त्यासाठी ऑफसेट चावी मिळते, तिचा वरचा भाग थोडा बाजूला सरकलेला असतो. क्रँकचे चार म्हणजे कॅमचे दोन अंश, तेव्हा चावीवरचा आकडा कशाचा आहे ते विचारूनच घ्या, आणि ती उलटी बसली तर चूक दुप्पट होते. चावी बदलली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. कॅम पुढे आणल्यावर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, म्हणून पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) ठेवून, हेड तात्पुरतं कसून, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून हाताने दोन फेरे द्यायचे आणि दबलेलं प्लॅस्टिसिन कापून जाडी बघायची. ती पुरेशी असली की कॅमचा नट कसायचा, लॉक वॉशर वाकवायचा आणि मग कव्हर.