कान पिकलाय की कानातलं बाधलंय?

बारशाला गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडून बाळाचे कान टोचून घ्यायचे आणि काही दिवसांनी कानाची पाळी लाल दिसली की घरात दोन तट पडायचे, हे कोल्हापुरात घरोघरी चालतं. आजी म्हणतात, "पिकलंय, हळद-तेल लावा." शेजारच्या काकू म्हणतात, "सोनं खोटं असणार, आधी काढा बघू ते." दोघींचंही बरोबर असू शकतं. अडचण एवढीच की दोन्ही दुखण्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. कान पिकला असेल तर कानातलं आपल्या मनानं काढायचं नसतं, आणि धातू बाधला असेल तर तोच धातू कानात ठेवून चालत नाही. म्हणून आधी ओळख पटवायची, मग हात लावायचा.

टोचल्यावर पहिले काही दिवस पाळी थोडी लालसर असते, भोकाच्या तोंडाशी पाण्यासारखा किंवा किंचित पांढरट स्राव येतो आणि तो वाळून दांडीला खपली धरते. हे दोन्हीपैकी काहीच नाही, जखम भरण्याचा भाग आहे. पाळीचं भोक भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर हे अधूनमधून दिसणारच.

कान पिकतो तेव्हा सगळ्यात आधी दुखतो. बाळ सांगू शकत नाही, पण त्या कुशीवर ठेवलं की रडतं, टोपरं घालताना मान काढून घेतं. पाळी गरम लागते, सुजून चकचकीत होते, आणि भोकातून पिवळा-हिरवट, दाट पू येतो. बहुतेक वेळा हे एकाच कानाला होतं. न धुतलेले हात, दुधाचे ओघळ, त्या बाजूनं पाजताना लागलेला पदर, अशी कारणं असतात आणि त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू तिथून आत शिरतात.

धातू बाधतो तेव्हा दुखण्यापेक्षा खाज जास्त असते. मोबाईलची बॅटरी लावा, पाळी हलकेच दुमडून मागून बघा: लाली कानभर पसरलेली नसते, फिरकी जिथं टेकते तिथं तिच्याच आकाराचा गोल उठलेला असतो. कातडी कोरडी, खवल्यांची, कधी बारीक पुटकुळ्यांची. चिघळली तर पातळ, स्वच्छ पाणी येतं. आणि दोन्ही कानांत एकच धातू असल्यानं बहुधा दोन्ही कान एकदमच बिघडतात.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त विश्वास कॅलेंडरवर. धातूची अ‍ॅलर्जी, म्हणजे मुख्यतः निकेलची, पहिल्याच दिवशी उठत नाही. शरीराला आधी त्या धातूची ओळख व्हावी लागते, त्याला दहा-बारा दिवस ते काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ जातो. एकदा ओळख झाली की मात्र पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ येतं, आणि हा स्वभाव बहुतेकांना जन्मभर राहतो. त्यामुळे पहिल्यांदाच टोचलेला कान चौथ्या दिवशी सुजला, तर सोनाराला बोल लावण्याआधी जंतूंचा संशय घ्या. उलट महिनाभर ठणठणीत असलेला कान, हौसेनं नवे डूल घातल्यावर खाजायला लागला, तर संशय डुलांवर. आणखी एक खूण: झबल्याचं धातूचं टिचबटण पोटाला टेकतं तिथं बेंबीखाली तसंच पुरळ असेल, तर निकेलची बाजू भक्कम होते.

आता हळदीबद्दल. कोल्हापूरकरांना हळद वाईट म्हणायची माझी हिंमत नाही, पण ताज्या भोकावर ती नको. तेलात खपली नि धूळ चिकटून बसते, आणि हळदीनं सगळंच पिवळं झाल्यावर पू कुठला नि लेप कुठला हे डॉक्टरांनाही कळत नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नकोत, ते नवी कातडी जाळतात. साबणानं आपले हात धुवायचे, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नॉर्मल सलाईनमध्ये स्वच्छ कापूस भिजवून दिवसातून दोनदा खपली मऊ करून पुसायची, कोरडं टिपायचं, बस्स. वाळलेल्या खपलीसकट दांडी गरागरा फिरवली तर आतली जखम पुन्हा उघडते.

घरातलं मलम हा तिसरा घोळ. निओमायसिन असलेल्या अँटिबायोटिक मलमाची स्वतःचीच अ‍ॅलर्जी काहींना येते. मग कान बरा व्हायच्या ऐवजी आणखी लाल होतो आणि घरचे अजून मलम थापतात. त्याहून वाईट, खाजेवर शेजाऱ्यांनी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब. अ‍ॅलर्जीवर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात हे खरं, पण पिकलेल्या कानावर तेच लावलं तर वरची लाली दबते आणि आत जंतू वाढत राहतात.

कान पिकला असेल तर कानातलं का काढायचं नाही? भोक वरून पटकन बुजतं, पू आत कोंडतो आणि गळू होतं. दांडी आत असली की पू बाहेर यायला वाट राहते. अपवाद दोन: सूज इतकी की फिरकी पाळीत रुतली आहे, किंवा डॉक्टरांनीच काढायला सांगितलं. रुतलेली फिरकी घरी चिमट्यानं ओढू नका. धातू बाधला असेल तर तो काढायचा, पण भोक ताजं असेल तर ते रिकामं सोडायचं नाही. डॉक्टरांना विचारून न बाधणाऱ्या धातूची दांडी घालायची. आणि दोन्ही एकत्र असलं तर, म्हणजे खाजवून खाजवून कान पिकला असेल तर, हा निकाल घरी लागत नाही. तसंच तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर कानाचं कोडं सोडवत बसू नका. आपले बालरोगतज्ज्ञ नाहीतर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, त्याच दिवशी.

इथं बाराव्या दिवसाबद्दल माझं मत सांगून टाकतो. धनुर्वाताचा अंश असलेली पेंटाव्हॅलंट लस बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते. बारसं त्याच्या कितीतरी आधी येतं. नाव बारशाला ठेवा, कान लसींनंतर टोचा; आत्याचा मान कुठं जात नाही. टोचायची तीही पाळीच. बुगडीच्या जागी कुर्चा (कानाचं मऊ हाड) असते, तिथं रक्तपुरवठा कमी; ती पिकली तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. आणि भोकं भरेपर्यंत बाळाला चैत्रात जोतिबाच्या गुलालात नेऊ नका. घाम हाही एक मुद्दा आहेच: घामात धातूतलं निकेल जास्त सुटतं, त्यामुळे बाधणारं कानातलं उन्हाळ्यात जास्त बाधतं.

खरेदीला गेल्यावर २२ कॅरट मागा. त्यात ९१.६ टक्के सोनं असतं, उरलेलं बहुधा तांबं-चांदी. व्हाइट गोल्डमध्ये निकेल असू शकतं, ते बाळाला नकोच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही आणि बाळाचे डूल बहुधा त्याहून हलकेच असतात. म्हणून शिक्का नाही म्हणजे खोटं, असं होत नाही. तशीच खात्रीही होत नाही. बिलावर कॅरट लिहून घ्या, आणि दांडी नि फिरकीही त्याच सोन्याची आहे ना, हे तोंडावर विचारा. कानाला टेकतं ते तेच.

एक ग्रॅमचं म्हणून मिळतं ते मुलाम्याचं; मुलाम्याखाली निकेलचा थर असू शकतो, आणि वरचा घासला गेला की तो कातडीला लागतो. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नावालाही नसते: तांबं, जस्त आणि निकेल. हुपरीची चांदी पैंजणाला घ्या, ताज्या भोकात मात्र नको, ती काळी पडते. 'सर्जिकल स्टील' या नावाला भुलू नका. ३१६ एल जातीच्या स्टीलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असल्यानं कमी सुटतं, म्हणून पुष्कळांना चालतं, पण ज्या बाळाला एकदा निकेल बाधलं त्याला टायटॅनियम किंवा चोख सोनंच बरं. युरोपात टोचलेल्या कानातल्या दांडीतून किती निकेल सुटावं यालाच मर्यादा आहे: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम.

आकार बारीक, चपटा, कडा गोल. लोंबते डूल आणि मोठ्या रिंगा बाळाच्या बोटांत नि आईच्या पदरात अडकतात, पाळी फाटते. दाबून बसवायच्या चापापेक्षा मळसूत्राची फिरकी बरी, कारण निसटलेला चाप थेट तोंडात जातो. फिरकी शेवटपर्यंत आवळायची नाही. पाळी नि फिरकी यांच्यात थोडी फट सोडायची, म्हणजे सूज आली तरी ती रुतत नाही.