'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे कुठपर्यंत?

हिवाळी परीक्षा जवळ आल्या की नागपुरात लॉ कॉलेज चौकाच्या आसपास झेरॉक्सच्या काचेवर पुस्तकं पालथी पडू लागतात. तीन-चार पुस्तकांतली निवडक प्रकरणं, वर पारदर्शक प्लास्टिक, बाजूला स्पायरल, की संच तयार. असा संच कायद्यात बसतो का, यावर कॉपीराइटच्या वादात बरंच भांडण झालं आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा साचा ब्रिटिश वळणाचा. १९९२ मध्ये संरक्षणाची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वरून ६० वर्षांवर गेली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला आधार दिला, अपंग वाचकांसाठी सवलत आणली. परदेशी आवृत्त्यांच्या समांतर आयातीची, म्हणजे इथल्या हक्कधारकाच्या परवानगीशिवाय त्या बाहेरून आणण्याची, तरतूद मात्र विधेयकात येऊनही गळाली. ती राहिली असती तर महागड्या पाठ्यपुस्तकांना पर्याय मिळाला असता.

गुंता आहे तो कलम ५२ मधल्या एका शब्दप्रयोगाचा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने 'शिकवण्याच्या ओघात' केलेली प्रत हा भंग नव्हे, असं ते कलम सांगतं. मूळ इंग्रजी शब्दांचं मराठी 'शिकवताना' असं केलं की अर्थ वर्गाच्या चार भिंतींत आकसतो. दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा त्यांचा युक्तिवाद साधारण याच वळणाचा होता. शिवाय दुकानदार ना शिक्षक, ना विद्यार्थी. तो पैसे घेतो.

उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'ओघ' मोकळा केला. वर्गाआधीचं वाचन, नंतरची उजळणी, सगळं त्यात आलं. विद्यार्थ्याने स्वतः हाताने उतरवून घेतलं तर चालतं, मग यंत्राने का नको? हा निकाल मला रास्त वाटतो. त्याने लेखकाचं पोट मारलं जातं, हे मला पटत नाही. संच घेणारा मुलगा ती सगळी पुस्तकं विकत घेणारच नव्हता. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आता वाद यंत्रांच्या शिकण्यावर आला आहे. एआयच्या प्रशिक्षणासाठी साहित्य वापरू द्यावं, पण सक्तीच्या परवान्याने (म्हणजे लेखकाला नकार देता येणार नाही) आणि मोबदला देऊन, असा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये पुढे आला. मोबदला कुणी, कसा वाटायचा, यावर आता चर्चा सुरू आहे.

दिल्लीच्या खटल्यातला एक तुकडा मात्र तसाच राहिला. काही पुस्तकं सबंधच्या सबंध झेरॉक्स झाली होती. अभ्यासक्रमाला ती खरंच लागत होती का, हे तपासायला उच्च न्यायालयाच्याच द्विसदस्यीय खंडपीठाने प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशाकडे पाठवलं होतं. दावाच मागे घेतल्यामुळे ती तपासणी झालीच नाही.