ब्रूटन पॅरिशच्या अंगणात कुठलाही खजिना नाहीये

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला ब्रूटन पॅरिश नावाचं एपिस्कोपल चर्च आहे, त्याबद्दल एक पोस्ट कित्येक वर्षं फिरतेय की तिथल्या कबरस्तानाखाली इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची तिजोरी आहे आणि त्यात शेक्सपियरच्या नाटकांची (जी बेकननेच लिहिली असं काही जण मानतात) मूळ हस्तलिखितं आहेत. हे खरं नाही.

आधी साधं तारखांचं बघा ना. बेकन १६२६ मध्ये वारला, तेव्हा तिथे गावच नव्हतं, पॅरिश (म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग) सुरू झाली १६७४ ला. मग म्हणतात की नंतर कुणीतरी आणून पुरलं, पण त्याचा एकही कागद नाही, सगळी भिस्त थडग्यांवरच्या अक्षरांतून काढलेल्या गूढ संकेतांवर.

१९३८ मध्ये मारी बाउर या बाईंनी तिथे खोदकाम करवलं, आणि सापडलं काय तर १६८३ च्या जुन्या विटांच्या चर्चचा पाया! माझ्या मते खरा ठेवा तोच. आज उभं असलेलं क्रूसाच्या आकाराचं चर्च १७१५ चं, मनोरा १७६९ चा, म्हणजे जुनी वास्तू नेमकी कुठे होती ते त्या पायामुळे डोळ्यांनी दिसलं.

तरी लोक थांबले नाहीत, १९९१ ला काहींनी परवानगी न घेता रात्रीचं खणलं, कबरींच्या मधोमध, वाचूनच वाईट वाटतं. शेवटी १९९२ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी रीतसर खोदून पाहिलं, खाली कधीच न हललेली माती लागली. तिजोरी नाहीच.